उसाच्या मुलखात उपाशी मधमाशी

'हिवाळ्यात मधमाश्यांना साखर द्या' हा सल्ला आपण नेहमी ऐकतो. तो आला बर्फाळ देशांतून. तिथे हिवाळ्यात फूलच नसतं. बारामती-इंदापुरात मात्र हिवाळा म्हणजे माशीची सुगी. करडई, कोथिंबीर तेव्हाच फुलतात. आपल्याकडे उपासमार होते ती कडक उन्हाळ्यात.

पूर्वी पोळं पिळलं की काम संपलं. माशी जगली काय, मेली काय! १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी सुट्या चौकटींची पेटी बनवली आणि माशी सांभाळणं सोपं झालं. आपल्याकडे १९४६ मध्ये महाबळेश्वरला मधुमक्षिकापालनाचं सरकारी काम सुरू झालं, १९६२ मध्ये पुण्यात केंद्रीय संशोधन संस्था आली.

आता बारामतीकडे वळू. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा आला. १९३० च्या दशकात वालचंदनगरला साखर कारखाना उभा राहिला, पुढे सहकारी कारखाने आले. माळरान हिरवं झालं खरं, पण ऊस हे गवतच. त्याच्या तुऱ्यात माशीला मध मिळत नाही. म्हणजे माणसाला जे हिरवं, ते माशीला ओसाड! आणि गंमत बघा, उपाशी माशीला आपण पाजतो तो पाक त्याच उसाच्या साखरेचा.

हा पाक साधारण निम्मी साखर, निम्मं पाणी असा करतात. तो संध्याकाळी, पेटीच्या आत ठेवायचा. उघड्यावर ठेवला तर दुसऱ्या पेट्यांतल्या माश्या लुटायला येतात. गूळ नको, त्याने माश्यांना हगवण लागते. मधाचा हंगाम जवळ आला की पाक बंद, नाहीतर साखरच मध म्हणून विकली जाईल. आपली सातेरी माशी तर उपास पडला की सरळ पेटी सोडून जाते.

इथे प्रश्न डाळिंबाचा येतो. मृग बहाराला, जून-जुलैत, बागेत माशी हवी असेल तर ती मे महिन्यात जगवावी लागते. बागाईतदार पेटी भाड्याने घेतो काही आठवडे. मे महिन्यातली साखर मात्र पेटीवाल्याच्या खिशातून जाते. शिवाय पाकाने पोट भरतं, पण पिल्लं वाढवायला पराग लागतो, तो साखरेत नाही.

म्हणून आपल्याला वाटतं, साखरेचा हिशेब दोघांनी वाटून घ्यावा आणि बांधावर करंज, कडुनिंब, शेवगा राखावा. कालव्याने शेताला पाणी दिलं. माशीच्या वाट्याचं फूल आपणच द्यायचं आहे.