अल स्मिथ : एका पराभवाचे मोल

१९६० साली जॉन केनेडी अमेरिकेच्या अध्यक्षपदी निवडून आले. त्या पदावर निवडून आलेले ते पहिले कॅथोलिक. परंतु बत्तीस वर्षे आधी ज्यांनी हेच दार ठोठावले आणि ज्यांच्यासाठी ते उघडले गेले नाही, त्या आल्फ्रेड स्मिथ यांचे स्मरण आज फारसे कोणी करीत नाही. ते करावे, असे आम्हांला वाटते.

१८७३ साली न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत त्यांचा जन्म झाला. पोरवयातच वडील वारले आणि धर्मग्रामाची शाळा अर्धवट सोडून त्यांना पोटामागे लागावे लागले. काही काळ त्यांनी फुल्टन मासळीबाजारात काम केले. पुढे पदवीचा विषय निघाला, की ते अभिमानाने त्या बाजाराचेच नाव सांगत.

१९०३ साली ते राज्याच्या विधिमंडळावर निवडून आले. मार्च १९११ मध्ये न्यूयॉर्कमधील ट्रँगल कपड्याच्या कारखान्याला आग लागली. एक दार कुलूपबंद होते. १४६ कामगार प्राणांस मुकले. त्यांत बहुतेक परदेशांतून आलेल्या गरीब तरुणी होत्या. चौकशी आयोगाचे उपाध्यक्ष या नात्याने स्मिथ कारखान्या-कारखान्यांतून हिंडले आणि कामगारांच्या रक्षणाचे कायदे त्यांनी संमत करून घेतले. साप्ताहिक सुट्टीच्या कायद्यातून आपल्याला वगळावे, अशी डबाबंद खाद्यपदार्थांच्या कारखानदारांनी मागणी केली. त्यावर स्मिथ म्हणाले, की पवित्र दिवस पाळण्याच्या आज्ञेत असा अपवाद आपल्याला कोठे आढळला नाही.

१९१८ साली ते न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदी निवडून आले. १९२० साली पराभव झाला, तरी १९२२, १९२४ आणि १९२६ साली जनतेने त्यांना पुन्हा निवडले. मात्र अध्यक्षपदाची चर्चा सुरू होताच त्यांच्या धर्माकडे बोट दाखवले गेले. १९२७ साली चार्ल्स मार्शल या वकिलांनी ‘अटलांटिक मंथली’त जाहीर पत्र लिहिले. पोपमहाशयांची आज्ञा आणि देशाचा कायदा यांत विरोध आला, तर कॅथोलिक अध्यक्ष कोणाचे ऐकणार, हा त्याचा आशय. उत्तर लिहिताना न्यूयॉर्कमधील एका धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू फादर फ्रान्सिस डफी यांनी स्मिथ यांना साहाय्य केले. प्रत्येकाच्या सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य आणि धर्मसत्ता व राजसत्ता यांची फारकत आपल्याला पूर्णतः मान्य आहे, असे त्यांनी निःसंदिग्धपणे सांगितले.

१९२८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना उमेदवारी दिली. प्रमुख पक्षाकडून अध्यक्षपदाची उमेदवारी मिळालेले ते पहिले कॅथोलिक. प्रचारासाठी ते ओक्लाहोमाला निघाले, तेव्हा लोहमार्गालगत क्रूस पेटवलेले होते. ज्या क्रूसापुढे आपण गुडघे टेकतो, तोच द्वेषाची खूण झाला होता! ओक्लाहोमा सिटीत त्यांनी या द्वेषाविरुद्ध उघडपणे भाषण केले. तरीही हर्बर्ट हूव्हर यांना ४४४ आणि स्मिथ यांना ८७ निर्वाचक मते मिळाली. स्वतःच्या राज्यातही ते हरले. सारा दोष धर्मद्वेषाला देणे मात्र न्याय्य ठरणार नाही. देशात सुबत्ता होती आणि स्मिथ यांचा दारूबंदीला असलेला विरोधही अनेकांना रुचला नव्हता.

१९३२ साली पक्षाने त्यांना डावलून फ्रँकलिन रूझवेल्ट यांना उमेदवारी दिली. पुढे स्मिथ रूझवेल्ट यांच्या धोरणांचे कडवे टीकाकार झाले. गरिबांच्या कैवाऱ्याने धनिकांच्या गोटात बसावे, याची खंत आम्हांलाही वाटते. १९४४ साली ते निवर्तले.

डिसेंबर १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये, असे ख्रिस्तसभेने त्यात गंभीरपणे घोषित केले. एका प्रापंचिकाने जे अडतीस वर्षांपूर्वी लिहिले, त्याच्याशी हे किती जवळचे आहे!

तुमची निष्ठा कोठे, हा प्रश्न अल्पसंख्याकांना वेळोवेळी ऐकावा लागतो. आपल्यालाही तो अपरिचित नाही. स्मिथ यांनी त्याला लेखणीने उत्तर दिले. पण त्याहून मोठे उत्तर त्यांनी १९११ नंतरच दिले होते. ज्या कामगारांसाठी ते झटले, त्यांतील पुष्कळजणी ज्यू होत्या. त्यांचा धर्म त्यांनी विचारला नाही. सार्वजनिक जीवनात उतरू पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी एवढे जरी ध्यानी ठेवले, तरी तो पराभव वाया गेला असे म्हणता येणार नाही.