बायू प्रदेशातील कॅम्पिंग

बायू प्रदेशातील कॅम्पिंग म्हणजे अमेरिकेच्या लुईझियाना राज्याच्या दक्षिण भागात, संथ जलप्रवाह आणि दलदलींच्या सान्निध्यात तंबू, फिरते घर किंवा होडी यांच्या आधारे केलेला तात्पुरता मुक्काम होय. या भागात उंच व कोरडी जमीन मर्यादित असल्यामुळे मुक्कामाची जागा, हंगाम आणि साधने ही तिन्ही मुख्यतः पाण्यावरून ठरतात.

संज्ञा

'बायू' हा शब्द चॉक्टॉ या मूलनिवासी भाषेतील 'बायुक', म्हणजे लहान प्रवाह, या शब्दापासून लुईझियानातील फ्रेंच बोलीमार्गे इंग्रजीत आला. बायूतील पाणी अतिशय मंद गतीने वाहते. समुद्राजवळ भरती-ओहोटी आणि वारा यांनुसार त्याची दिशा उलटूही शकते. दक्षिण लुईझियानात 'कॅम्प' या शब्दाचा एक स्थानिक अर्थ आहे. मासेमारी वा शिकारीसाठी खांबांवर बांधलेल्या अथवा पाण्यावर तरंगणाऱ्या घरालाही तेथे 'कॅम्प' म्हणतात.

भूरचना

हा प्रदेश मिसिसिपी नदीने हजारो वर्षांत आणलेल्या गाळाचा बनलेला आहे. पुराचे पाणी काठाबाहेर पडताना जड गाळ प्रथम काठालगतच टाकते. त्यामुळे प्रवाहाचे काठ उंच होतात आणि काठापासून दूर जावे तशी जमीन खोलगट होत दलदलीत मिळते. या उंचवट्यांना नैसर्गिक बांध म्हणतात. बायू टेश व बायू लाफोर्श यांच्या काठची गावे, शेते आणि रस्ते अशाच बांधांवर आहेत.

या प्रदेशाच्या मध्यभागी असलेले अचाफलाया खोरे ही अमेरिकेतील सर्वांत मोठी नदीकाठची दलदल मानली जाते. १९२७ च्या महापुरानंतर खोऱ्याच्या दोन्ही बाजूंना पूरसंरक्षक बांध घालण्यात आले. १९६३ मध्ये पूर्ण झालेल्या नियंत्रण प्रकल्पाद्वारे मिसिसिपी व रेड या नद्यांच्या एकत्रित प्रवाहापैकी सुमारे ३० टक्के पाणी अचाफलाया नदीत जाते. वरच्या प्रदेशातील पाऊस व वितळलेले बर्फ यांमुळे वसंत ऋतूत खोऱ्यातील पाणी चढते आणि हिवाळ्यात कोरडी असलेली जागा पाण्याखाली जाते. खोऱ्यातील बायू शेन हे गाव वारंवारच्या पुरांमुळे विसाव्या शतकाच्या मध्यास ओस पडले व नंतर गाळाखाली गाडले गेले.

शिबिरस्थळे

कुटुंबांसाठी राज्य उद्याने सर्वांत सोयीची ठरतात. सेंट मार्टिनव्हिलजवळील लेक फॉस पॉइंट राज्य उद्यान सुमारे ६,००० एकरांचे आहे. ही भूमी पूर्वी अचाफलाया खोऱ्याचाच भाग होती. तेथे होडीमार्ग, पायवाटा आणि लाकडी कुटी आहेत. व्हिल प्लॅटजवळील चिको, न्यू ऑर्लीन्सलगतचे बायू सेग्नेट आणि ॲबव्हिलजवळील पामेटो आयलंड ही अन्य उद्याने होत. पाँचरट्रेन सरोवराच्या उत्तर काठावरील फाँतेनब्लो उद्यानात एकोणिसाव्या शतकातील साखर कारखान्याचे अवशेष आहेत.

मुक्कामाचे प्रकार

तंबू: जमीन ओलसर असल्याने तंबू उंचवट्यावर किंवा लाकडी चौथऱ्यावर उभारतात. तंबूची बारीक जाळी डासांपासून संरक्षण देते. हवेतील आर्द्रतेमुळे पाऊस नसतानाही कापडावर आतून पाणी साचते, म्हणून हवा खेळती ठेवणे आवश्यक असते.

फिरते घर: यास अमेरिकेत 'आरव्ही' म्हणतात. वजनदार वाहन मऊ मातीत रुतत असल्याने ते खडी टाकलेल्या किंवा फरसबंद जागेवरच उभे केले जाते. अशा जागी पाणी व वीज यांची जोडणी असते. सांडपाणी नेमून दिलेल्या ठिकाणीच सोडावे लागते.

होडी: काही शिबिरस्थळांवर कॅनो वा कायाकनेच पोहोचता येते. केजन समाजात सपाट तळाची 'पिरोग' ही अरुंद होडी परंपरेने वापरली जाते. अठराव्या शतकात ब्रिटिशांनी आजच्या कॅनडाच्या पूर्व भागातून हद्दपार केलेल्या फ्रेंचभाषक अकेडियन लोकांचे वंशज म्हणजे हा समाज होय.

हंगाम आणि सुरक्षितता

ऑक्टोबर ते एप्रिल हा काळ सर्वांत अनुकूल असतो. उन्हाळ्यात उष्णता, आर्द्रता आणि डास यांमुळे मुक्काम कष्टप्रद होतो. अमेरिकन ॲलिगेटर ही मगरीची जवळची जात येथे सर्वत्र आढळते. १९६७ मध्ये धोक्यातील प्रजाती म्हणून नोंदला गेलेला हा प्राणी १९८७ मध्ये पूर्णतः सावरल्याचे जाहीर झाले. त्याला खाऊ घातल्यास माणसाविषयीची त्याची भीती नाहीशी होते. त्यामुळे अन्नाचे अवशेष पाण्यात टाकू नयेत आणि मुले व पाळीव प्राणी यांना काठापासून दूर ठेवावे, अशी सूचना दिली जाते. विषारी कॉटनमाउथ साप आणि तीव्र दंश करणाऱ्या लाल मुंग्या यांपासूनही सावध राहावे लागते. पूर आल्यावर या मुंग्या एकमेकींना धरून पाण्यावर तरंगतात. लुईझियानात २६ फुटांपेक्षा लहान चालत्या होडीत १६ वर्षांपर्यंतच्या मुलांनी जीवरक्षक जाकीट घालणे कायद्याने बंधनकारक आहे.

चक्रीवादळे

अटलांटिक चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा असतो. तंबू वा फिरते घर यांपैकी कशातही वादळात आश्रय घेता येत नाही. शिवाय जोराच्या वाऱ्यात उंच वाहन उलटू शकते. ग्रँड आयल बेटास मुख्य भूमीशी जोडणारा एकच रस्ता असल्याने तेथून इशारा मिळताच निघावे लागते. २९ ऑगस्ट २०२१ रोजी आयडा वादळाने या बेटावरील जवळजवळ सर्व इमारतींची हानी केली.

२००५ च्या कॅट्रिना व रिटा वादळांनंतर सहलीसाठी बनवलेली हीच फिरती घरे बेघर कुटुंबांना निवारा म्हणून देण्यात आली. अनेकांना त्यांत दीर्घकाळ राहावे लागले. २००८ मध्ये जाहीर झालेल्या सरकारी तपासणीत अशा घरांच्या हवेत फॉर्मल्डिहाइड वायूचे प्रमाण नेहमीपेक्षा अधिक आढळले. अल्प मुक्कामाचे साधन कायम वस्तीसाठी वापरण्याची मर्यादा त्यातून स्पष्ट झाली.

किनाऱ्याची झीज

अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणानुसार १९३२ ते २०१६ या काळात लुईझियानाच्या किनारी भागातील सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर जमीन पाण्याखाली गेली. बांधांमुळे अडलेला गाळ, जमिनीचे खचणे, तेल व वायू उद्योगाने खोदलेले कालवे, वादळे आणि समुद्रपातळीतील वाढ ही त्याची प्रमुख कारणे आहेत. कालव्यांतून आत शिरणारे खारे पाणी गोड्या पाण्यातील बाल्ड सायप्रस वृक्षांना मारक ठरते. आयल द जाँ शार्ल या मूलनिवासी वस्तीच्या बेटाची बहुतांश भूमी नष्ट झाल्याने तेथील रहिवाशांच्या पुनर्वसनासाठी २०१६ मध्ये ४.८ कोटी डॉलरांचा केंद्रीय निधी मंजूर झाला. याउलट, अचाफलाया नदीच्या मुखाशी गाळ पोहोचत असल्याने तेथे नवी जमीन तयार होत आहे.