पाच पानांच्या यंत्राची कुळकथा

अलिबाग तालुक्यात गणपतीच्या दिवसांत रात्री फेरफटका मारला, तर थळ, आक्षी, नागाव, कुठल्याही गावात एखाद्या पडवीत पत्त्यांचा डाव रंगलेला दिसतो. आरती-भजन आटोपलं की जागरणासाठी पानं पिसली जातात. पोराबाळांत मेंढीकोट नि बदाम सात, मोठ्यांत रमी आणि मागच्या खोलीत तीन पत्ती. त्या खोलीत रात्री काढलेल्याला कलर, सिक्वेन्स, जोडी, ट्रेल शिकवावं लागत नाही. म्हणूनच पडद्यावर पाच पानं मांडणारा व्हिडिओ पोकर त्याला पहिल्या मिनिटालाच घरचा वाटतो. पण या खेळाचं कूळ वेगळं आहे, आणि ते ठाऊक नसलं की तीन पत्तीतली हुशारी इथे अंगाशी येते.

कुळाचा मूळपुरुष न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला. 1891 मध्ये सिटमन आणि पिट या जोडीनं लोखंडी पेटी बनवली. आत पाच फिरती चाकं, प्रत्येक चाकावर दहा पानं. नाणं टाकायचं, दांडा ओढायचा, चाकं थांबली की पाच पानं समोर. पैसे द्यायची सोय यंत्रात नव्हती. चांगला हात लागला की गुत्तेवाला बिअरचा ग्लास किंवा सिगार पुढे करायचा. आता पाच चाकांवर दहा-दहा म्हणजे पन्नासच पानं होतात. कॅटात असतात बावन्न. गाळलेली दोन पानं बहुधा इस्पिकची दश्शी आणि बदामचा गुलाम असायची. सर्वांत मोठा हात म्हणजे रॉयल फ्लश, एकाच रंगाची दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का. चार रंगांचे चार रॉयल. दोन पानं काढून टाकताच त्यातले दोन होणंच बंद झालं, आणि पेटीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला त्याचा पत्ताही लागला नाही. एका चाकावरची दहा पानं एकमेकांसोबत कधीच येत नाहीत, हाही तोटा होताच. मालकाचा नफा कॅटातच दडवायची ही जुनी रीत लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी कहाणी तिच्याभोवती फिरते.

त्याच दशकात सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे या बव्हेरियाहून आलेल्या कारागिरानं पाच चाकांची तीन केली, पानांऐवजी घोड्याची नाल, घंटा आणि पत्त्यांचे रंग छापले आणि यंत्रालाच नाणी ओतायला शिकवलं. ते लिबर्टी बेल. स्लॉट मशीनचा सगळा वंश तिथून पसरला आणि पत्त्यांची थोरली शाखा मागे पडली. ती पुन्हा वर आली 1970 च्या दशकात, पडदा आणि संगणकाची चिप स्वस्त झाल्यावर. बॅली कंपनीची यंत्रं विकणाऱ्या साय रेड यांनी पुढे स्वतःची कंपनी काढली, दशकाच्या अखेरीस ड्रॉ पोकरचं यंत्र बाजारात आणलं, आणि 1981 मध्ये त्याच कंपनीचं इंटरनॅशनल गेम टेक्नॉलॉजी झालं. सुरुवातीच्या यंत्रात दोन जोड्यांखाली काहीच मिळत नसे. मग गुलामाच्या किंवा त्यावरच्या एका जोडीला लावलेली रक्कम परत द्यायचं ठरलं, आणि यंत्रापुढून लोक हलेनात. 'जॅक्स ऑर बेटर' हे नाव त्यावरून पडलं.

खेळ असा. पैसे लावले की पाच पानं येतात. हवी ती राखायची, नको ती टाकायची. टाकली तेवढी नवी येतात आणि हाताचा भाव पडद्यावरच्या तक्त्याप्रमाणे मिळतो. समोर माणूस नाही, त्यामुळे ब्लफ नाही, ब्लाइंड चाल नाही, चेहरा वाचणं नाही. तीन पत्तीतली निम्मी कला इथे निकामी ठरते. त्या बदल्यात जे मिळतं, ते जुगाराच्या दुनियेत दुर्मीळ आहे. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याचा नियम सांगतो की यंत्रानं पत्त्यांचा कॅट दाखवला, तर प्रत्येक पान खऱ्या कॅटाइतक्याच शक्यतेनं आलं पाहिजे. म्हणजे सिटमन-पिटची गाळलेली पानं कायद्यानं परत आणली. मग मालकाचा नफा उरतो फक्त तक्त्यात, आणि तक्ता काचेवर उघड छापलेला असतो. या खेळाबद्दल मला जो आदर आहे, तो एवढ्याचसाठी.

एक हात उघडून पाहू. बदामाची दुर्री, पंजी, अठ्ठी, नव्वी आणि किलवरची पंजी. बहुतेक लोक पंज्यांची जोडी राखतात, कारण जोडी हातात आहे. आता मोजा. पाच पानं दिसली, राहिली 47. किलवरची पंजी टाकून बदामाची चार राखली, तर उरलेल्या 47 मध्ये बदामाची 9 पानं आहेत. कलर जमला की एकास सहा. नऊ सक चोपन्न. 54 भागिले 47 म्हणजे लावलेल्या रुपयामागे सरासरी 1 रुपया 15 पैसे. पंज्यांची जोडी राखली तर ही सरासरी 82 पैशांवर येते, कारण लहान जोडीला तक्त्यात जागाच नाही. तिसरी पंजी किंवा आणखी जोडी आली तरच काही. एका पानाच्या निवडीत रुपयामागे तेहेतीस पैशांचा फरक. अशा पाच पानांच्या 25,98,960 जुळण्या होतात आणि प्रत्येकीत राखण्या-टाकण्याचे 32 मार्ग असतात. त्यातला सर्वांत चांगला मार्ग कोणता, हे गणितानं आधीच ठरलेलं आहे. जोडी आणि एक्का आला असेल तर एक्का सोबत बाळगू नये. लहान का होईना, जोडी एकट्या एक्क्याहून भारी. चार पानं रॉयलची असतील तर राजाची तयार जोडीही मोडावी. शिकण्यासारखं एवढंच.

पण निवडीच्याही आधी तक्ता. फुल हाउसला (तीन सारखी पानं आणि एक जोडी) 9 आणि कलरला 6 देणारं यंत्र, बिनचूक खेळल्यास, शंभर रुपयांतले 99 रुपये 54 पैसे परत देतं. तेच यंत्र, तीच पानं, फक्त त्या दोन ओळींत 8 आणि 5 लिहिलं की परतावा 97 रुपये 30 पैसे. शिवाय रॉयलला एका नाण्यावर 250 मिळतात, पाच नाण्यांवर मात्र 4,000. कमी नाणी लावणारा हा फरक सोडून देतो. रॉयल सरासरी चाळीस हजार डावांतून एकदा येतो. तासाला पाचशे डाव, दर डावाला शंभर रुपये, म्हणजे पन्नास हजारांची उलाढाल. चांगल्या तक्त्यावर बिनचूक खेळणाऱ्याचे तासाला सरासरी 230 रुपये जातात, वाईट तक्त्यावर 1,350. संधी सुधारते ती एवढीच. पारडं आपल्या बाजूला झुकत नाही.

आपल्याकडे ही शाखा नीट रुजलीच नाही. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा. निव्वळ कौशल्याचे खेळ त्यातून वगळलेले. सर्वोच्च न्यायालयानं 1967 मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं आणि त्याच निकालात तीन पत्त्यांच्या फ्लशला निव्वळ नशिबाचा. 1976 मध्ये महाराष्ट्रानं कॅसिनोंचा कायदा केला, पण तो कधी अमलात आला नाही. 2023 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं तो रद्द करायचं ठरवलं. गोव्यानं मात्र 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांत स्लॉट यंत्रांना वाट दिली. दरम्यान शहरांत 'व्हिडिओ गेम पार्लर' निघाली. त्यांच्याबद्दलचं कर्नाटकातलं प्रकरण 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा अनेक यंत्रांत मालकाला निकाल फिरवता येतो हे पुढे आलं. म्हणजे ब्रुकलिनची गाळलेली पानं इथे चिपमध्ये परतली होती. अशा यंत्रापुढे 47 चं गणित शिकलेला आणि न शिकलेला सारखेच बुडतात.

आणि मटका? रतन खत्रींच्या मटक्यात 1964 पासून तीन पत्ते काढून त्यांच्या बेरजेचा शेवटचा आकडा घेतला जाई. दहातला एक आकडा, भाव एकास नऊ. शंभरातले दहा रुपये आधीच गेलेले, तिथे निवडीला वावच नाही. कोकणात कित्येक घरांनी हे दहा रुपये रोज भरले.

आज प्रश्न पार्लरचा नाही, खिशातल्या फोनचा आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, कौशल्याचा असो वा नशिबाचा. तरीही मांडव्याच्या बोटीत, वडखळच्या कोंडीत पडद्यावर पाच पानं मांडून बसलेली पोरं भेटतात. परदेशी ॲपमागचा कॅट कुणी तपासलेला नसतो. तिथे एक रुपयाही लावू नका. खेळ आवडत असेल तर यंदाच्या गणपतीत जागरणाला खरा बावन्न पानांचा कॅट घ्या, तक्ता कागदावर लिहा, चिंचोके लावा आणि पोरांना शेजारी बसवून उरलेली 47 पानं मोजायला शिकवा.