दुष्काळाची उत्तरेकडची वाट

सहारा वाळवंट तुडवीत उत्तरेला लिबियाकडे निघालेल्या माणसांच्या हकिकती आज आपल्या कानांवर येतात. ऐकताना वाटते, हे कुठले तरी दूरचे दुःख. पण आपल्या शिरूर-भीमथडीची माणसेही एके काळी अशीच कोरड्या मुलखातून उत्तरेला निघाली होती. भीमथडी म्हणजे आजचे दौंड आणि बारामती तालुके.

१८७६ साली पावसाने दगा दिला. वडगाव रासाईसारखी गावे भीमेच्या काठावर खरी. पण नदीचे पाणी रानात चढवायला ना कालवा होता, ना पंप. सगळी भिस्त आभाळावर.

अशा वेळी कुणबी आधी कुणाची काळजी करी? बैलांची. बैल गेला, तर पुढच्या साली पाऊस पडूनही पेरणार कशाने? म्हणून जिथे वैरण, तिकडे वाट. कुणी निजामाच्या मुलखात गेले, कुणी खानदेशात, कुणी वऱ्हाडात. घोडनदी ओलांडायची, नगर मागे टाकायचे, गोदावरी गाठायची. जड जाते घरीच राही, तवा तेवढा बरोबर. चालायचे पहाटे नि चांदण्यात. नदीच्या वाळूत झिरा खणायचा नि ओंजळभर पाणी साचेपर्यंत बसून राहायचे.

मग सरकारी कामावर का नाही राहिले? राहिले की! पण १८७७ च्या जानेवारीत मजुरी घटली: पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड, म्हणजे सुमारे अर्धा शेर धान्याची किंमत, नि वर एक आणा. एवढ्यावर माती कशी उपसायची? हजारो मजूर काम सोडून गेले. त्यांचे गाऱ्हाणे पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारपुढे मांडले. उपाशी माणूस भीक मागत नव्हता; कामाचा रास्त दाम मागत होता, हे विसरू नये.

त्याच काळात दौंड-मनमाड लोहमार्गाच्या मातीकामावर दुष्काळी मजूर राबले. १८७८ साली तो मार्ग सुरू झाला. माणसे ज्या दिशेने पायी गेली, त्याच दिशेने आगगाडी धावू लागली. त्या भरावात कुणाकुणाच्या पाट्या रित्या झाल्या, त्यांची नावे कुठल्या फलकावर नाहीत.

गुरुजनांना एक विनंती. गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा: आपले कोणी भाऊबंद वऱ्हाड-खानदेशात राहिले काय? तिकडचे कोणी अजून कुलदैवताला इकडे येतात काय? मुलांकडून ते वहीत लिहून घ्या. परतलेल्यांचा इतिहास गावाला ठाऊक असतो. न परतलेल्यांचा विचारल्यावाचून कळत नाही.