एका वक्ररेषेची कुळकथा

१९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात एक गणिती निबंध छापून आला. विल्यम केरमॅक आणि अँडरसन मॅकेंड्रिक हे त्याचे दोघे लेखक एडिंबरोच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या प्रयोगशाळेत काम करणारे होते. पानांमागून पानं समीकरणांची. मध्येच एक आलेख येतो, आणि त्याखाली मुंबईचं नाव. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या ३१ आठवड्यांत मुंबई शहरात दर आठवड्याला प्लेगनं किती माणसं गेली, त्याचे ते ठिपके. त्या ठिपक्यांमधून एक रेघ जाते. ती सावकाश चढते, एप्रिलच्या मध्याला माथा गाठते आणि चढली तशीच उतरते.

साथींचं गणित शिकणारे अनेक विद्यार्थी आज या रेघेपासून सुरुवात करतात. २०२० मध्ये करोनामुळे घराघरांत ज्या शिखराची आणि ज्या ‘आर’ आकड्याची चर्चा चालू होती, त्यांचं कूळ शोधत मागे गेलं तर वाट मुंबईच्या मांडवी आणि परळवरून जाते.

मूळ प्रश्न मात्र या रेघेहून बराच जुना. साथ येते हे सगळ्यांनाच दिसतं. पण ती ओसरते का? गावात अजून पुष्कळ माणसं धडधाकट असतात, रोगही तोच असतो, तरी एक दिवस नवे रुग्ण कमी व्हायला लागतात. इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूंच्या नोंदणी कचेरीत काम करणाऱ्या विल्यम फारनं १८३७ ते १८३९ या काळातले देवीचे मृत्यू तपासले, तेव्हा त्यांच्या चढउतारात त्याला एक शिस्त दिसली. १८६६ मध्ये तिकडची गुरं बुळकांडीनं पटापट मरत होती आणि आता सगळं पशुधन जातं की काय अशी भीती पसरली होती. त्या वेळी फारनं वर्तमानपत्राला पत्र लिहून सांगितलं की वाढीचा वेगच मंदावतो आहे, साथ लवकरच उतरेल. ती उतरलीही. पण का उतरली, याचं त्याचं उत्तर आज पटणारं नाही. एका जनावरातून दुसऱ्यात जाताना विषाचा जोर कमी होत जातो, असं त्याला वाटे. पुढे जॉन ब्राउनलीसारखे अभ्यासकही याच मताचे होते. रेघ हाती आली होती, तिच्यामागचं कारण सापडायचं होतं.

कारणाकडे वळवलं रोनाल्ड रॉसनं. मलेरियाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात हे त्यानं १८९७ साली सिकंदराबादेत पाहिलं, हे शाळेतही शिकवतात. पण रॉसला गणिताचं वेड होतं आणि त्याची ही बाजू तितकीच मोलाची आहे. शेवटचा डास मारल्याशिवाय मलेरिया जाणार नाही, असं म्हणत लोक डासनिर्मूलनाला नावं ठेवत. रॉसनं समीकरण मांडून दाखवलं की सगळे डास मारायची गरज नाही. माणसांच्या प्रमाणात डासांची संख्या एका मर्यादेखाली आणली, की मलेरिया आपोआप विझत जातो. साथीला उंबरठा असतो ही कल्पना अशी कागदावर आली.

१९०१ मध्ये रॉस मलेरियाच्या मोहिमेवर सिएरा लिओनला गेला, तेव्हा बरोबर एक तरुण डॉक्टर होता. तोच अँडरसन मॅकेंड्रिक. नंतर तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये भारतात आला आणि कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा संचालक झाला. गणित त्यानं फावल्या वेळात स्वतःच वाढवलं. त्याची नजर कशी होती हे कळायला १९२६ च्या त्याच्या एका निबंधातलं उदाहरण पुरेसं आहे. साथरोगांच्या साऱ्या साहित्यात इतकं देखणं उदाहरण क्वचितच सापडेल.

भारतातल्या एका खेड्यात पटकीची साथ आली होती. घरं २२३. त्यांपैकी १६८ घरांत एकही रुग्ण नाही, ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार. एकूण रुग्ण ८६. रोगाचा धोका सगळ्या घरांना सारखाच असता, तर हे ८६ रुग्ण योगायोगाच्या नियमानं विखुरले असते. एकच रुग्ण असलेली घरं ५८ च्या आसपास निघाली असती आणि तीन किंवा अधिक रुग्णांची घरं जेमतेम एक-दोन. प्रत्यक्षात पहिली ३२ होती आणि दुसरी सात. म्हणजे आजार काही घरांत दाटला होता, आणि रुग्ण नसलेल्या १६८ घरांतली बरीचशी घरं मुळात धोक्यात आलेलीच नव्हती. मॅकेंड्रिकनं ती १६८ घरं बाजूला ठेवली आणि फक्त रुग्ण असलेल्या घरांच्या विभागणीवरून हिशेब उलटा केला: किती घरांना धोका होता असं धरलं तर हे आकडे जुळतात? उत्तर आलं ९३. त्यातली ३७-३८ घरं नशिबानं वाचलेली. त्यावरून त्यानं अंदाज बांधला की गावात बऱ्याच विहिरी असाव्यात, एका विहिरीचं पाणी दूषित असावं आणि ९३ घरं त्याच विहिरीवर पाणी भरत असावीत. जागेवर चौकशी झाली. तसंच निघालं.

घरागणिक रुग्ण कोणीतरी दारोदार जाऊन मोजले, नीट लिहून ठेवले, म्हणून पाच आकड्यांतून एक विहीर सापडली. तो मोजणारा कोण, हे बहुतेकांना ठाऊक नाही.

प्रकृती बिघडल्यामुळे १९२० मध्ये मॅकेंड्रिक स्कॉटलंडला परतला आणि एडिंबरोच्या त्या प्रयोगशाळेचा अधीक्षक झाला. तिथे त्याला केरमॅक भेटला. हा मुळात रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोग करताना स्फोट झाला, दाहक अल्कली डोळ्यांत गेलं आणि वयाच्या २६ व्या वर्षी त्याची दृष्टी कायमची गेली. त्यानंतरची समीकरणं त्यानं मनातल्या मनात सोडवली. दुसऱ्याकडून वाचून घ्यायची आणि दुसऱ्याला सांगून लिहवून घ्यायची. साथींच्या आलेखांतली सगळ्यांत प्रसिद्ध रेघ काढणाऱ्या दोघांपैकी एकानं ती कधी पाहिलीच नाही.

दोघांनी केलं ते असं. गावातली माणसं तीन गटांत वाटली: ज्यांना लागण होऊ शकते ते, ज्यांना झाली आहे ते, आणि बरे होऊन किंवा मरून साथीच्या हिशेबातून बाहेर पडलेले. पहिल्या गटातला माणूस दुसऱ्याच्या संपर्कात आला तर काही प्रमाणात दुसऱ्या गटात जातो. दुसऱ्यातला ठरावीक वेगानं तिसऱ्यात. नव्या लागणी निरोगी आणि बाधित यांच्या गाठीभेटींच्या प्रमाणात होतात हा विचार लंडनच्या विल्यम हेमरनं १९०६ मध्ये गोवरासाठी मांडलाच होता. या दोघांनी त्याचं पुरतं गणित केलं आणि फारच्या प्रश्नाचं उत्तर त्यातून बाहेर पडलं. साथ उतरायला जंतूचा जोर कमी व्हावा लागत नाही, सगळ्यांना आजारी पडावं लागत नाही. लागण होऊ शकणारी माणसं कमी होत गेली, की प्रत्येक रुग्णाला नवा माणूस भेटण्याची शक्यता घटते. ती एका उंबरठ्याखाली गेली की साथ वळते आणि मागे पुष्कळ माणसं न लागता उरतात. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: लागण होऊ शकणाऱ्यांची संख्या उंबरठ्याच्या थोडीशीच वर असेल, तर ती जितकी वर होती, साधारण तितकीच साथीनंतर उंबरठ्याच्या खाली जाते.

हे पडताळायला आकडे हवे होते, आणि मॅकेंड्रिकच्या परिचयाच्या भारतात ते होते.

मुंबईत प्लेग सापडला तो सप्टेंबर १८९६ मध्ये, बंदरालगतच्या मांडवीत. तो ओळखणारे डॉक्टर अकासियो व्हिएगस मूळचे गोव्याचे. त्यानंतरची हकिगत मराठी माणसाच्या आठवणीत आहे: घरात घुसून होणाऱ्या तपासण्या, दडवून ठेवलेले आजारी, शहर सोडून निघालेले लोंढे, पुण्यात मार्च १८९७ मध्ये रुग्णसेवा करताना प्लेगनंच गेलेल्या सावित्रीबाई फुले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर झाडलेल्या गोळ्या. साथरोगांचा १८९७ चा कायदा याच धामधुमीत झाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारनं तोच लागू केला.

रोग पसरतो कसा, याबद्दल मात्र तेव्हा गोंधळ होता. घाण, दमट जमीन, दूषित कपडे अशी नाना कारणं सांगितली जात. खेड्यातली माणसं उंदीर पडू लागले की घरदार सोडून माळावर झोपड्या घालून राहत. त्यांना दुवा ठाऊक होता, त्यातली मधली कडी ठाऊक नव्हती. ती सापडली पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरला. तो मुंबईतही काम करत होता. त्याच्या लक्षात आलं की नुकत्याच मेलेल्या उंदराला हात लावणं घातक ठरतं, बराच वेळ आधी मेलेल्याला लावणं नाही. उंदीर गार पडल्यावर त्याच्या अंगावरून काहीतरी निघून जात होतं. जून १८९८ मध्ये कराचीत त्यानं आजारी उंदीर काचेच्या भांड्यात ठेवला आणि निरोगी उंदीर जाळीत घालून असा ठेवला की दोघांचा स्पर्श होऊ नये, पिसवांना मात्र वाट मिळावी. पहिला मेला, काही दिवसांत दुसराही मेला, प्लेगनंच. सिमाँनं ते प्रसिद्ध केलं आणि बहुतेकांनी ते मानलं नाही.

मानायला लावलं ते परळनं. तिथल्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये जंतुशास्त्रज्ञ हाफकिननं थाटलेल्या प्रयोगशाळेत, जिला पुढे त्याचंच नाव मिळालं, १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगानं मुद्दाम छोट्या खोल्या बांधून प्रयोग केले. पिसवा नसतील तर आजारी आणि निरोगी जनावरं एकत्र कोंडूनही रोग पसरत नव्हता. पिसवा असल्या की पसरत होता, आणि पिंजरा पिसूच्या उडीच्या वर टांगला की थांबत होता. त्या वर्षी शहरभरातून आणलेले लाखाहून अधिक उंदीर तपासले गेले. त्यातून क्रम उलगडला: आधी गटारांतल्या तपकिरी उंदरांमध्ये साथ, साधारण दहा दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांमध्ये, आणि त्यानंतर आणखी दहा ते चौदा दिवसांनी माणसांमध्ये. केरमॅक-मॅकेंड्रिकचे ठिपके याच हंगामातले.

इथे गोष्ट अवघड होते. त्यांच्या रेघेचं सूत्र सांगतं की माथ्यावर आठवड्याला सुमारे ८९० मृत्यू. सगळी रेघ मोजली तर सुमारे ८,९००. मुंबईची वस्ती तेव्हा पावणेदहा लाखांच्या आसपास होती. शंभरात जेमतेम एका माणसाला प्लेग झाला, मग लागण होण्याजोगी माणसं संपली म्हणून साथ उतरली असं म्हणायचं कसं? शिवाय हाच डोंगर मुंबईत जवळजवळ दर वर्षी त्याच महिन्यांत उभा राहत होता. कडक उन्हाळा आणि मग पावसाळा आला की पिसवा घटत आणि प्लेग बसत असे. आणि माणसाला बहुतांशी माणसाकडून लागण होतच नव्हती, ती उंदराच्या पिसवेकडून होत होती.

दोघांना हे माहीत होतं. माणसांतला प्लेग हा उंदरांतल्या प्लेगचं प्रतिबिंब आहे, आपल्या अटी इथे काटेकोर पाळल्या जात नाहीत आणि या सूत्रातल्या अंकांवरून निष्कर्ष काढू नयेत, असं त्यांनी आलेखाजवळच लिहून ठेवलं. पाठ्यपुस्तकांनी आलेख उचलला आणि ही ताकीद सोडून दिली. ती सोडायला नको होती, कारण रेघ ठिपक्यांवर बसली म्हणजे कारण सापडलं असं होत नाही, हे शिकायला याहून चांगलं उदाहरण नाही. २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञानं हेच आकडे पुन्हा घेतले आणि उंदीर, पिसवा आणि ऋतू हिशेबात धरून नवं प्रारूप मांडलं. गंमत अशी की मूळ कल्पना उंदरांना बरीच लागू पडते. मुंबईचे उंदीर साथींतून तावूनसुलाखून निघाल्यामुळे प्लेगला दाद देईनासे झाले होते, आणि प्लेगची फारशी झळ न लागलेल्या मद्रासचे उंदीर त्याला सहज बळी पडत. हे परळच्याच प्रयोगांत दिसलं होतं.

पुढचं कूळ झपाट्यानं वाढलं. १९५२ मध्ये जॉर्ज मॅकडोनाल्डनं मलेरियासाठी एक आकडा पक्का केला: सगळेच लागणक्षम असताना एका रुग्णापासून सरासरी किती नव्या लागणी होतात. हाच पुढे ‘आर शून्य’ म्हणून गाजला. तो एकाहून मोठा असेल तर साथ वाढते, लहान असेल तर विझते. गोवरासाठी तो १२ ते १८ धरतात. म्हणून शंभरातल्या ९२ ते ९४ मुलांना संरक्षण असल्याशिवाय गोवर थांबत नाही आणि लसीकरणाचं लक्ष्य ९५ टक्क्यांचं ठेवावं लागतं. एखाद्या वस्तीत लसीकरणाचं प्रमाण ८५ टक्क्यांवर घसरलं तर पुन्हा पोरं आजारी पडतात, आणि ती बहुधा कुठली असतील याचा अंदाज लस न मिळालेल्या वस्त्यांकडे पाहून आधीच बांधता येतो.

करोनाच्या वेळी या प्रारूपाला आणखी कप्पे जोडले गेले: जंतू शिरला पण अजून पसरवत नाही असे, लक्षणं नसलेले, दवाखान्यात दाखल झालेले. पण १९२७ चा निबंध तीन कप्प्यांपुरता नव्हताच. ते त्याचं सगळ्यांत सोपं रूप. मूळ समीकरणांत लागण झाल्यापासून किती दिवस गेले यावर माणसाची रोग पसरवण्याची ताकद बदलत जाते. शिकवायला सोपं म्हणून पाठ्यपुस्तकांत तीन कप्पेच रुळले. मग २०२० मध्ये दिसलं की करोनाचा रुग्ण लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच इतरांना लागण देतो. अलगीकरण कितव्या दिवसापासून धरायचं आणि रुग्णाच्या किती दिवस मागपर्यंतचे संपर्क शोधायचे, हे ठरवताना तोच दिवसांचा हिशेब पुन्हा मांडावा लागला.