ओढायची की ढकलायची?

तर झालं असं, की गेल्या मे महिन्यात आमच्या घरात बाबागाडीवरून चांगलंच महाभारत घडलं. पात्रं : अस्मादिक, बायको, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेली आई, साडेचार वर्षांची कन्या आणि सव्वा वर्षाचे चिरंजीव. स्थळ : शिकागोचं एक उपनगर. इथून पार्क चालत पंधरा मिनिटांवर आहे. जाताना. येताना तो हटकून चाळीस मिनिटांवर जातो, कारण कन्येचे पाय नेमके झोपाळ्यावरून उतरल्यावर दुखायला लागतात. मग धाकटा गाडीत, थोरली कडेवर, आणि उरलेल्या एका हाताने तिरकी तिरकी पळणारी गाडी सांभाळायची. कोणी केलंय त्यालाच कळेल.

थोडक्यात, दोघांना बसता येईल असं काहीतरी हवं होतं. एकामागे एक सीटवाली लांबलचक गाडी, शेजारी-शेजारी सीटवाली रुंद गाडी, किंवा हल्ली जिकडेतिकडे दिसते ती स्ट्रोलर वॅगन. म्हणजे चार चाकांवरचा एक मोठा टब, त्यात पोरं समोरासमोर, वर छत, आणि ती ओढताही येते आणि ढकलताही येते. आईने ती पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाली, "हा तर छकडा!" तेव्हापासून आमच्याकडे तिला छकडाच म्हणतात.

छकडा घ्यायचा तर आधी जमतंय का ते बघू, अशा अस्सल इंजिनियरी विचाराने मी एका गराज सेलमधून दहा डॉलरला जुनी लाल पत्र्याची वॅगन आणली. पुढे दांडा, मागे उघडी पेटी, बस्स. रंग इतका उडालेला की कोणी बनवली तेही कळत नव्हतं. शनिवारी सकाळी दोघांना त्यात बसवलं आणि राजासारखा ओढत निघालो. अर्ध्या वाटेत मागून कन्येचा आवाज आला, "बाबा, बाळ उभं राहिलंय." मी वळेपर्यंत तो खाली होता. भुवईच्या वर खोक, तीन टाके. डोळा वाचला. वॅगनचा काही दोष नव्हता. ती अशा कामासाठी नव्हतीच, आणि पट्टा नसलेल्या पेटीत सव्वा वर्षाचं पोर बसवणारा मीच. पण त्या रात्री झोप लागेना. तो माझ्यापासून चार फुटांवर होता, आणि मी भलतीकडेच बघत होतो.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना आई सहज म्हणाली, "अरे, भाजीवाला हातगाडी ढकलतो, ओढत नाही. माल डोळ्यासमोर नको का?"

झालं! डोक्यात किडा शिरला. पुढचे दोन विकांत बाबागाडीचा इतिहास खणण्यात गेले. आणि गंमत म्हणजे तो सगळा या एकाच प्रश्नाभोवती फिरतो : ओढायची की ढकलायची?

सुरुवात ओढण्याचीच. इंग्लंडात १७३३ च्या सुमारास डेव्हनशरच्या तिसऱ्या ड्यूकने विल्यम केंटकडून आपल्या मुलांसाठी गाडी करून घेतली. हा केंट त्या काळातला बागा-वाड्यांचा मोठा नामांकित वास्तुकार. म्हणजे आजच्या हिशोबाने एखाद्या बड्या आर्किटेक्टला पोराची सायकल डिझाईन करायला सांगण्यासारखं. त्याने शिंपल्याच्या आकाराची बैठक केली, खाली स्प्रिंगा बसवल्या आणि घराण्याचं चिन्ह म्हणून नक्षीत साप घातले. ओढायला कोण, तर बकरा किंवा छोटं तट्टू! उघड आहे, ही पोराला नेण्याची सोय नव्हतीच. मोठ्यांच्या बग्गीची ती लहान प्रत होती. पोराकडे लक्ष ठेवायला बाजूने नोकर चालत असणारच, त्यामुळे 'दिसतंय का' हा प्रश्न ड्यूकसाहेबांना पडायचं कारण नव्हतं.

प्रश्न पडला तो पुढच्या शतकात, जेव्हा गाडी बकऱ्याच्या हातून माणसाच्या हातात आली. अमेरिकेत १८३० च्या दशकात बेंजामिन क्रँडल बाबागाड्या बनवून विकत होता. पुढे त्याचा मुलगा जेसी याने तिला ब्रेक लावला, घडी होणारी गाडी केली, छत्री अडकवायची सोय केली. आज दुकानात विक्रेता कौतुकाने दाखवतो त्यातल्या निम्म्या गोष्टी या बाप-लेकांच्या काळातल्या आहेत.

मग आला चार्ल्स बर्टन. याने मागे दांडा लावून ढकलायची गाडी न्यूयॉर्कमध्ये आणली. लोक ती पादचाऱ्यांच्या पायांवर घालायला लागले आणि इतकी ओरड झाली की हा गृहस्थ इंग्लंडला निघून गेला, असं सांगतात. तिथे १८५३ मध्ये त्याने 'पेराम्ब्युलेटर'चं पेटंट घेतलं. त्याच शब्दाचं पुढे 'प्रॅम' झालं. एक साधा दांडा पुढून मागे गेला, एवढाच काय तो बदल. पण त्यामुळे नेणारा आणि पोर यांच्यातलं नातंच बदललं. पोर नजरेत आलं!

अर्थात, पूर्ण नाही. पोराची पाठ दिसायची, तोंड नाही. हे अर्धं राहिलेलं काम १८८९ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम रिचर्डसन नावाच्या कृष्णवर्णीय संशोधकाने केलं. त्याने पाळणाच असा बसवला की तो फिरवून पोराचं तोंड हवं तर पुढे, हवं तर ढकलणाऱ्याकडे करता यावं. पेटंटची तारीख १८ जून १८८९. आज महागड्या गाड्यांच्या जाहिरातीत 'रिव्हर्सिबल सीट' असं मोठ्या अक्षरांत लिहितात, ते याचंच देणं. त्याचं नाव मात्र कोणी घेत नाही. मी तरी शाळेत कधी ऐकलं नव्हतं.

इथपर्यंत ढकलणाऱ्यांची सरशी. मग ओढायची वॅगन कुठून आली? तर आमच्याच गावातून. अँटोनियो पासिन नावाचा इटालियन पोरगा १९१४ मध्ये, सोळाव्या वर्षी, अमेरिकेत आला. सुतारकी करणाऱ्या घराण्यातला. शिकागोत फोनोग्राफच्या पेट्या करायचा आणि हत्यारं वाहायला त्याने लाकडाची छोटी वॅगन बनवली. गिऱ्हाईकं पेट्या सोडून वॅगनच मागायला लागली! १९२३ मध्ये त्याने 'लिबर्टी कोस्टर' कंपनी काढली, नाव स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यावरून. पुढे मोटारींच्या कारखान्यांकडे बघून पत्रा दाबून वॅगनी काढायला लागला, म्हणून लोक त्याला 'लिटल फोर्ड' म्हणायचे. रेडिओ आणि विमान या दोन गोष्टींनी तेव्हा लोक वेडे झाले होते, म्हणून लाल वॅगनचं नाव ठेवलं 'रेडिओ फ्लायर'. वॅगनचा रेडिओशी संबंध शून्य. (आपल्याकडे नाही का, कशालाही 'स्मार्ट' जोडतात, तसंच.) १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात त्याने कर्ज काढून वॅगनवर बसलेल्या मुलाचा ४५ फुटी पुतळा उभारला आणि खाली खेळण्यातल्या चिमुकल्या वॅगनी २५ सेंटला विकल्या. ऐन मंदीत!

पण यात माझ्यासारख्या बापाने लक्षात ठेवायची गोष्ट दुसरीच आहे. 'कोस्टर' म्हणजे उतारावरून घरंगळत जाणारी. पोरांनी त्यात गुडघा टेकून बसायचं, दांडा उलटा वळवून हातात घ्यायचा आणि सुसाट खाली जायचं. ते पोरांचं वाहन होतं. त्यात आईबापांनी बाळ घालून न्यायचं हे नंतर लोकांनीच सुरू केलं. मला हे तीन टाक्यांनंतर कळलं.

ढकलणाऱ्यांच्या बाजूने शेवटचा मोठा फटका मारला ओवेन मॅक्लारनने. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेला इंजिनियर, वय साठीकडे झुकलेलं. १९६५ मध्ये मुलीची ती अवजड बाबागाडी बघून आजोबा वैतागले. विमानाची चाकं पोटात घडी होऊन जातात, मग ही का नाही? अॅल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी त्यांनी केली. वजन सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोच्या आत! १९६७ पासून ती बाजारात आली. जगात कुठेही विमानतळावर एका हाताने गाडी मिटणारी आई दिसली, की हे आजोबा आठवावेत.

१९८० च्या दशकात फिल बेक्लर या धावणाऱ्या बापाने सायकलची चाकं लावलेली गाडी आणली. हा मुद्दा छोटा, पण चाक मोठं की खडबडीत वाट सोपी, हे यातून सगळ्यांना कळलं.

या सगळ्याची खिचडी म्हणजे गेल्या दहा-बारा वर्षांत पसरलेली स्ट्रोलर वॅगन. पासिनची पेटी, बर्टनचा दांडा, क्रँडलचा ब्रेक आणि छत, बेक्लरची जाड चाकं. मॅक्लारनचं फक्त घडी होणं घेतलं, वजन नाही घेतलं. बऱ्याच वॅगनी तीस पौंडांच्या पुढेच आहेत. बायकोने दुकानात एक उचलून बघितली आणि माझ्याकडे जे बघितलं, ते मी इथे लिहीत नाही.

आणि दोन्ही दांडे का लागतात, तेही आता नीट कळलं. ओढताना दांडा तिरका वर येतो, त्यामुळे पुढच्या चाकांवरचा भार थोडा हलका होतो. ढकलताना उलट, आपला जोर थोडा खालीही जातो आणि चाकं रुततात. म्हणून गवतात, वाळूत ओढणंच बरं. फुटपाथवर मात्र ढकलणं. ओढणं अंगाला सोपं, ढकलणं डोळ्यांना.

तर आमचा हिशोब असा झाला. मागे ढकलायचा दांडा नसेल तर वॅगन बघायचीच नाही. समुद्रावर सामान न्यायच्या ज्या स्वस्त कापडी वॅगनी मिळतात त्यात पट्टे नसतात, त्या बाद. पाच ठिकाणी बांधणारा पट्टा हवा, दोघांनाही, आणि पाय मारून लागणारा ब्रेक हवा. रुंदी महत्त्वाची, कारण इथे सार्वजनिक जागी अपंगांसाठीच्या नियमाने दाराची मोकळी रुंदी किमान ३२ इंच असते. त्याहून रुंद वॅगन म्हणजे लायब्ररीच्या दारात अडकून पडायची हमी. शेजारच्या बाळासारखं नीट बसता न येणारं पोर असेल, तर छकड्याच्या नादीच लागू नये. आणि डिस्नेच्या अमेरिकेतल्या पार्कांनी १ मे २०१९ पासून स्ट्रोलर वॅगनला सरळ बंदी घातली आहे. बायकोच्या डिसेंबरच्या बेताला हे कळल्यावर घरात पुन्हा एक अध्याय झाला. असो.

मी शेजारी-शेजारी सीटवाल्या गाडीच्या बाजूचा होतो, हे कबूल करतो. टाक्यांनंतर 'वॅगन' शब्दच नको होता. पण आई म्हणाली, "त्या गाडीत दोघं पुढे बघत बसणार, मुकाट्याने. छकड्यात एकमेकांशी बोलतात तरी." शेवटी एका मराठी मित्राकडून त्यांची वापरलेली स्ट्रोलर वॅगन घेतली, ३० इंची, पट्टेवाली. पुढचा दांडा फक्त पार्कातल्या गवतावर, आणि तेव्हाही दोघांपैकी एकाने मागून चालायचं, असं ठरलंय. प्रवासासाठी डिकीत एक साधी छत्रीछाप गाडी पडलेली असते.

ती जुनी लाल वॅगन मी टाकून देणार होतो. कन्येने दिली नाही. तिच्यात आता बाहुल्या बसतात, ओढणीने बांधून. परवा खिडकीतून बघतो तर ती वॅगन ओढत होती, पण उलटी चालत, तोंड बाहुल्यांकडे. आणि ओट्यावरून आई ओरडत होती, "अगं, मागे बघ, खांब आहे!"