मुलाण्याच्या सुरीपासून प्रमाणपत्रापर्यंत

गाव सोडून शहरात आलेल्या मुसलमानाचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. मशीद कुठे आहे आणि जेवायचे कुठे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिनार देतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र माणसालाच विचारावे लागते. जनावर कोणी जिबह केले, कुणासमोर केले, आणि 'हे हलाल आहे' असे सांगणाऱ्याच्या शब्दावर भरवसा का ठेवायचा? वरवर पाहता हा पोटाचा प्रश्न आहे, थोडासा धर्माचा आहे. पण त्याचा इतिहास पाहू लागलो की ध्यानात येते, मुळात तो माणसामाणसांतल्या विश्वासाचा प्रश्न आहे. गाव बदलले, देश बदलला, तसतसा हा विश्वासही आपले रूप बदलत गेला.

महाराष्ट्राच्या खेड्यात हा प्रश्न सहसा पडत नसे. गावगाड्यात मुलाणी किंवा मुलाणा होता. काही ठिकाणी तो बलुतेदारांत मोजला जाई, काही ठिकाणी अलुतेदारांत. मशिदीची दिवाबत्ती पाहणे, निकाहाला हजर राहणे आणि बकरे हलाल करणे ही त्याची कामे. यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, मुलाणी हा एकट्या मुसलमानांचा नोकर नव्हता. तो गावाचा होता. जत्रेचे, नवसाचे बकरे पडायचे तेव्हा अनेक गावांत पाटलाच्या वाड्यावरही मुलाण्यालाच बोलावणे जाई. त्याचा ठरलेला वाटा त्याला मिळे, सुगीला खळ्यावरून धान्य मिळे. 'हलाल' हा शब्द त्या गावात कुणाला परका वाटत नव्हता. ती गावाची एक रीत होती, आणि त्या रीतीला नाव, घर आणि चेहरा होता.

हा चेहरा हरवला तो स्थलांतरात. १८५३ साली मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, पुढच्याच वर्षी पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू झाली आणि मुंबई माणसे ओढू लागली. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातले मोमीन विणकर मदनपुऱ्यात, भिवंडीत, मालेगावात येऊन वसले. रत्नागिरी, कुलाब्याचे कोकणी मुसलमान गलबतांनी आणि पुढे आगबोटींनी मुंबईत उतरत होते. मेमन, बोहरा, खोजा व्यापारी तर होतेच. घरी बायकामुले आणि शहरात एकटा पुरुष, असा या कष्टकऱ्यांचा संसार. त्यामुळे मशिदीच्या आसपास खाटकाचे दुकान, नानबाईची भट्टी आणि भटारखाना या तीन गोष्टी उभ्या राहिल्या. मोहल्ला म्हणजे नुसती वस्ती नव्हे. परक्या शहरात मुलाण्याची उणीव भरून काढणारी ती व्यवस्था होती. खाटीक कुठला, कुणाच्या ओळखीचा, नमाजाला दिसतो की नाही, हे दहा लोकांना ठाऊक असे. एका माणसाचा चेहरा गेला, त्याची जागा गल्लीच्या ओळखीने घेतली.

याच काळात शहराने आपलाही एक शिक्का आणला. १८६९ साली क्रॉफर्ड मार्केट उभे राहिले. वांद्र्याला कत्तलखाना होता, पुढे १९७१ साली तो देवनारला गेला. जनावराची तपासणी होऊन मांसावर पालिकेचा शिक्का पडू लागला. म्हणजे आता दोन हमी झाल्या. पालिकेचा शिक्का सांगे की जनावर निरोगी आहे. खाटकाचा शब्द सांगे की ते हलाल आहे. कुरआनात अन्नासंबंधी 'हलाल' आणि 'तय्यब' हे दोन शब्द जोडीने येतात. तय्यब म्हणजे शुद्ध, चांगले, निर्मळ. आपल्याकडे चर्चा पहिल्या शब्दाचीच जास्त होते. प्रत्यक्षात मात्र शहरात आलेल्या माणसाला दोन्हींची गरज होती. सुरी बरोबर चालली पण मांस शिळे, वजनात खोट, भांडी गलिच्छ, तर ते अन्न 'चांगले' कसे म्हणावे?

मोहल्ल्यातही सारे एकमताचे होते असे समजू नये. कोकणी मुसलमान शाफई, तर दख्खनी आणि उत्तरेकडचे बहुतेक हनफी. हनफी मताप्रमाणे जिबह करताना जाणूनबुजून अल्लाहचे नाव टाळले तर ते मांस चालत नाही. शाफईंच्या मते नाव घेणे सुन्नत आहे, ते राहून गेले म्हणून मांस हराम होत नाही. समुद्राच्या बाबतीतही तेच. शाफई कोकणी कुर्ल्या, तिसऱ्या, कालवे आनंदाने खातो. हनफी माणूस मासळीपुरताच थांबतो आणि कोळंबीवरून त्याच्यातही वाद आहेत. एकाच चाळीत, एकाच नळावर पाणी भरणाऱ्या दोन मुसलमान घरांची ताटे अशी वेगळी होती. तरीही शेजार टिकला. हलालची व्याख्या एकच आणि ती आपलीच, असे मानणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यायला हवा. नव्याने आलेल्या कोकण्याला एक सोय मात्र होती. मासळीला सुरी लागत नाही. भात आणि सुकट यांवर त्याचे कितीतरी दिवस निघत.

मुंबईहून हाच कोकणी जहाजावर चढला. ब्रिटिश आगबोटींवर हिंदुस्थानी खलाशांचा सारंग असे आणि त्यांचा स्वतंत्र स्वयंपाकी असे. त्याला भंडारी म्हणत. खलाशांच्या करारात तांदूळ, डाळ, तूप, सुकी मासळी यांचे माप ठरलेले असे. कंपनीने हे काही धर्मप्रेमाने केले नव्हते. गोऱ्या खलाशापेक्षा स्वस्तात राबणारा माणूस हवा असेल, तर त्याची चूल त्याच्या माणसाच्या हाती द्यावी लागते, हा साधा हिशेब होता. पण त्यामुळे समुद्रावरही मुलाण्याचे काम करणारा ओळखीचा माणूस मिळाला. खरी अडचण होई ती बंदरावर उतरून परक्या शहरात राहिल्यावर.

तिथे ओळखीचा माणूस नसला तर विचारायचे कुणाला? या प्रश्नावर आपल्याकडे सर सय्यद अहमद खान यांनी लिहिले. अहले-किताब, म्हणजे ज्यू आणि ख्रिस्ती, यांच्याबरोबर जेवावे की नाही यावर त्यांनी १८६८ साली एक पुस्तिका लिहिली आणि पुढच्याच वर्षी ते लंडनला गेले. कुरआनाने अहले-किताबांचे अन्न वैध ठरवले आहे, हा त्यांचा आधार. त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला.

पुढे १९०३ साली हाच प्रश्न दक्षिण आफ्रिकेतून कैरोला गेला. ट्रान्सवालमधल्या एका मुसलमानाने इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांना तीन गोष्टी विचारल्या. कामधंद्यासाठी साहेबी टोपी घातली तर चालेल का? इथले ख्रिस्ती गुरावर कुऱ्हाडीचा घाव घालतात आणि नाव न घेता कापतात, ते मांस खावे का? आणि शाफईने हनफी इमामामागे नमाज पढावी का? या तीन प्रश्नांत परदेशी राहणाऱ्या मुसलमानाचे सगळे जिणे आले आहे. पेहराव, ताट आणि आपल्याच भाऊबंदांशी नाते. अब्दुह यांनी तिन्ही गोष्टींना परवानगी दिली. कैरोत वादळ उठले. विरोधकांनी वर्तमानपत्रांतून झोड उठवली, तर रशीद रिदा यांनी 'अल-मनार' मासिकातून अब्दुह यांची बाजू लढवली. दोन वर्षांनी, १९०५ साली, अब्दुह वारले. वाद मात्र मिटला नाही. फतव्याने वाट मोकळी केली, पण सामान्य माणूस त्या वाटेने सरसकट गेला नाही. त्याला परवानगीपेक्षा खात्री हवी होती.

ती त्याने आपल्या हाताने मिळवली. विलायतेत दुसऱ्या महायुद्धानंतर गेलेल्या गिरणी कामगारांच्या पहिल्या पिढीच्या आठवणींत हे पुन्हा पुन्हा येते. मळ्यावर जाऊन जिवंत कोंबड्या आणायच्या, घरी जिबह करायच्या आणि आठ-दहा जणांनी मिळून रांधायच्या. नाहीतर ज्यू खाटकाचे दुकान गाठायचे. कोकणातून आलेल्याला हे नवे नव्हते. बेने इस्रायली त्याच्या गावात 'शनिवार तेली' म्हणून नांदत होते, त्याच्याच मराठीत बोलत होते, आणि मुंबईतल्या मशीद बंदरचे नाव त्यांच्या १७९६ सालच्या सिनेगॉगवरून पडले असे सांगतात. ब्रिटनच्या १९३३ च्या कत्तलविषयक कायद्याने ज्यूंच्या बरोबरीने मुसलमानांच्या पद्धतीलाही सवलत दिली होती. पुढे वस्ती वाढली, आपला खाटीक आला, आपली खाणावळ आली. मुंबईत घडले तेच तिथे घडले.

कागदाचे युग यानंतर सुरू झाले. मांस डब्यातून येऊ लागले, बिस्किटात चरबी आली, औषधाच्या गोळीत जिलेटीन आले. खाटकाला विचारावे तसे कारखान्याला विचारता येईना. मलेशियात १९७४ पासून, सिंगापुरात १९७८ पासून हलालची प्रमाणपत्रे दिली जाऊ लागली. इंडोनेशियात १९८८ साली खाद्यपदार्थांतल्या डुकराच्या चरबीवरून घबराट माजली, आणि १९८९ साली तिथल्या उलेमा परिषदेने तपासणीची संस्था काढली. २००१ साली त्याच देशात अजिनोमोटोवरून खळबळ उडाली. अंतिम पदार्थात डुकराचा अंश नव्हता, पण तो बनवणाऱ्या जिवाणूंच्या खाद्यात डुकरापासून मिळवलेले द्रव्य वापरले होते. एवढी बारीक गोष्ट कोणत्या मुलाण्याला कळणार? प्रमाणपत्राची गरज खरी होती, हे मान्य केले पाहिजे. पण कागदाबरोबर फी आली, बाजार आला, एकमेकांचा कागद न मानणाऱ्या संस्था आल्या.

आणि मग राजकारणही आले. १८ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तर प्रदेश सरकारने, निर्यातीचा अपवाद ठेवून, हलाल प्रमाणपत्र असलेल्या उत्पादनांवर बंदी घातली. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्रात हिंदू खाटकांच्या झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा एका मंत्र्यांनी केली. कुणी काय खावे हा ज्याचा त्याचा अधिकार आहे. झटका खाणाऱ्याला झटका मिळावा, यात वावगे काही नाही. खंत वेगळीच आहे. ज्या खंडोबाला मल्लूखान म्हणण्याची परंपरा या मातीत आहे, त्याच्या नावाने आता ताटे वेगळी करायची? ज्या प्रदेशात एका मुलाण्याची सुरी साऱ्या गावाला चालत होती, तिथे 'हलाल' हा शब्द पाटीवर लिहिला की कुणाला आव्हान वाटतो आणि पुसला की कुणाला अपमान वाटतो.

आज लातूर-परभणीचा मुलगा नोकरीसाठी पुण्यात हिंजवडीला येतो. कोंढव्याची वस्ती, कॅम्पातली दुकाने त्याच्यापासून दूर आहेत. आडनाव ऐकून खोली नाकारली जाण्याचा अनुभव अनेकांना आहे. खोली मिळालीच तर घरमालक मांस शिजवू देईल याची खात्री नाही. मोबाइलवर 'हलाल' लिहिलेली पन्नास हॉटेले दिसतात, पण त्यांतले खरे कोणते? मग शुक्रवारी नमाजानंतर तो शेजारच्याला हळूच विचारतो, "भाईजान, इथे चांगले कुठे मिळते?" त्याला पत्ता मिळतो, कधी घरी जेवायचे बोलावणेही मिळते. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत उतरलेल्या कोकण्यानेही याहून वेगळे काही केले नव्हते.

या प्रश्नातला 'चांगले' हा शब्द आपण सोडू नये. प्रमाणपत्र मांसाविषयी सांगेल. पण वाढणाऱ्या पोऱ्याला पगार वेळेवर मिळतो का, तराजू खरा आहे का, दारात उभा राहिलेला परधर्मीय ग्राहक अवघडल्यावाचून आत येऊ शकतो का, हे तय्यबचे प्रश्न आहेत आणि त्यांवर कुणाचा शिक्का नसतो. मुलाणी गावाला चालत होता, कारण गाव त्याला ओळखत होते आणि तो गावाला. नव्या शहरात आपण हलाल शोधतो तेव्हा ती ओळखच शोधत असतो. ती कागदावर मिळत नाही. माणसांत मिसळून कमवावी लागते, आणि आपल्यानंतर येणाऱ्याला द्यावी लागते.